कुंभारणीच्या घराला पुट्टी

३ तारीख, सोमवार

आज मला माझ्याच घरातली जळमटं काढू दिली नाहीत. वहीच्या पहिल्या पानावर काहीतरी चांगलं लिहावं म्हणतात, पण राग आलाय तर राग लिहिते. लांब दांड्याचा झाडू घेऊन मी कोपऱ्याशी पोचते न पोचते तोच टिकली किंचाळली, "आजी, हात लावू नकोस! ती संरचना आहे!"

"जळ्ळी मेली तुझी संरचना," मी म्हटलं. "ते कोळ्याचं जाळं आहे आणि आल्यागेल्याला दिसतं."

टिकली म्हणजे माझी नात. तिसरीत आहे. अंगाने एवढीशी, म्हणून टिकली. जीभ मात्र हातभर. शाळेतून आली की मला समोर बसवते, स्वतः खुर्चीवर चढते आणि टीचरने दिवसभर जे शिकवलं ते माझ्या डोक्यावर ओतते. माझी शाळा दुसरीत सुटली. पाठची भावंडं कडेवर घ्यायला घरात कोणीतरी हवं होतं, आणि ती कड माझी होती. तेव्हा माझी तिसरी आत्ता चाललीये, नातीच्या हाताखाली. ही वहीसुद्धा तिनेच दिली. "रोज लिहायचं, नाहीतर हात पुढे!" काय लिहिलंय ते वाचत नाही, पान भरलंय का तेवढंच बघते. तशी मायाळू मास्तरीण आहे.

तर आजचा धडा असा, की जगात जे जे बांधलेलं आहे त्याचे दोन रकाने. एका रकान्यात निसर्गातलं: जाळं, मधमाश्यांचं पोळं, वारूळ, पक्ष्याचं घरटं. दुसऱ्यात माणसाने बांधलेलं: पूल, जिना, पाण्याची टाकी, खुर्ची. प्रत्येकाला विचारायचं, कोणी बांधलं, कशाचं बांधलं, कशासाठी, आणि उभं राहतं ते कशाच्या जोरावर. मला फार मजा आली, खोटं कशाला बोलू? मी घरभर बोट दाखवत फिरले आणि ती रकाना सांगत गेली. माझी कवळी? माणसाने. नखं? ती म्हणाली, नखं वाढतात, बांधत नाहीत. आणि माझा अंबाडा? केस निसर्गाचे, बांधला मी. यावर मास्तरीण अडली आणि म्हणाली, "आता मधली सुट्टी."

पण जळमटं राहिली ती राहिलीच. सून ड्युटीवरून येईल, छताकडे बघेल आणि तोंडाने काही बोलणार नाही. न बोलण्याचाच जास्त राग येतो.

६ तारीख, गुरुवार

स्वयंपाकघराची खिडकी गॅलरीत उघडते. तिच्या चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात कुंभारीण माशी आलीये! काळी, कमरेत दोऱ्याइतकी बारीक, आणि तोऱ्यात अशी की लग्नघरातली वरमाय. चिखलाची गोळी तोंडात धरून येते, चौकटीला लावते, गूं-गूं करत ती पसरते आणि पुन्हा गोळी आणायला जाते. मी चहा गॅसवर ठेवून बघत बसले आणि चहा उतू गेला. जाऊ दे.

टिकली आल्यावर मी तिला म्हटलं, आज मास्तरीण मी. माझ्या आजीने सांगितलेलं सांगते. ही कुंभारीण एक किडा धरून आणते, घरात कोंडते, आणि बाहेरून गुणगुणत राहते. ऐकून ऐकून तो किडा कुंभारीण होतो.

टिकली म्हणाली, "तसं नसतं, आजी. ती कोळी धरते. डंख मारून गुंगी आणते, आत भरते, एक अंडं घालते आणि दार लिंपते. अंड्यातून अळी निघते, ती कोळी खाते. टीचरने पुस्तकात दाखवलं."

म्हणजे इतकी वर्षं मी ज्याला संगीताचा क्लास समजत होते ते कोठीघर निघालं! पण कोळी खाते म्हटल्यावर मला ती एकदम आवडली. झाडू मारायला मला बंदी, तिला नाही. म्हटलं, बाई, आमच्या हॉलमध्येही ये.

टिकलीला शाळेत एका संरचनेबद्दल सगळ्यांसमोर बोलायचंय. तिने कुंभारीण निवडली. समोरच्या दारातला लंबू तिच्याच वर्गात आहे, त्याने फ्लायओव्हर घेतलाय. त्याचा बाप थर्माकोलचा फ्लायओव्हर दुकानातून तयार आणणार, वर दिवे लागणारा. ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोराचा अभ्यास आणि बाप करणार? मग परीक्षेलाही बापालाच बसवा! टिकली तसं करणार नाही. ती रोज बघणार, रोज चित्र काढणार, आणि जे दिसलं तेवढंच सांगणार. ती शाळेत असताना राखण माझ्याकडे. "नुसतं बघायचं हं, आजी." मी म्हटलं, मला काय काम नाही का, नुसतं बघायला? (काही नाही.)

८ तारीख, शनिवार

घर पूर्ण झालं. एकाला एक चिकटून लांबट खोल्या, पावट्याच्या शेंगा शेजारी शेजारी ठेवाव्यात तशा. सगळी दारं लिंपली आणि बया गेली. संध्याकाळपर्यंत वाट पाहिली. टिकली म्हणते, ती आता येणारच नाही. पिल्लं तिला कधी दिसायचीच नाहीत.

मला इतका राग आला! अगं, खाणं भरून ठेवलं, दार लावलं, म्हणजे झालं आईपण? सून तेवढ्यात ड्युटीवरून आली. दवाखान्यात नर्स आहे ती. कधी सकाळची पाळी, कधी दुपारची. फ्रीजमध्ये डबे भरून ठेवते, वर चिठ्ठ्या, टिकलीचं दूध, आईंचं जेवण, मधल्या वेळचं. मी आपलं सहज म्हटलं, "आमच्या कुंभारणीने तुझ्याकडून शिकून घेतलं वाटतं. डबे भरले की पसार."

टिकली हसली. सून हसली नाही. पायातली चप्पल न काढताच म्हणाली, "आई, ती परत येत नाही. मी येते."

आणि आत गेली, चहा न घेता. आता यात तोंड पाडण्यासारखं काय होतं? थट्टा कळत नाही आजकालच्या मुलींना. मुलगा म्हणाला, "आई, तू पण ना." हा एक. दिवसभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करतो आणि घरात आला की सगळ्यांच्या मधे अडकतो.

१२ तारीख, बुधवार

आज दोन रागाच्या गोष्टी.

पहिली. टिकलीला शाळेच्या गाडीपर्यंत एकटीने जायचंय. खाली उतरायचं, फाटकापर्यंत चालायचं, गाडीत बसायचं. मी म्हटलं, मी जिवंत असेपर्यंत नाही. रोज मी तिचा हात धरून उतरते, ती म्हणते, तीच माझा धरून उतरते. सून म्हणाली, "सोडा ना आई, तिसरीत आहे ती." सोडा! जिन्याला वळण आहे, फाटकाशी स्कूटर सुसाट येतात. मी गप्प बसले, म्हणजे बसले नाही, भरपूर बोलले, आणि हात धरूनच उतरले. लंबू मात्र एकटा टणाटणा उड्या मारत पुढे गेला आणि वळून टिकलीकडे बघून हसला. बघ, मी एकटा, असं त्याचं थोबाडच सांगत होतं. टिकलीने हात सोडवला नाही, पण बोटं अशी ताठ केली की जणू लाकूडच धरलंय.

दुसरी. इमारतीला रंग द्यायचा ठरलाय. बाहेरून बांबूंची परांची चढली. टिकली खुश. "माणसाने बांधलेली संरचना, संरचना रंगवण्यासाठी!" अगं खुळे, पण ते आधी भिंती खरवडणार. चौकटीसुद्धा. मग कुंभारणीचं काय? तिचा चेहराच उतरला. मी म्हटलं, माझ्याशी गाठ आहे. माझ्या खिडकीला कोण हात लावतो बघतेच.

१५ तारीख, शनिवार

आज भलतंच झालं. अक्षर वेडंवाकडं येईल.

टिकली सकाळी आईबरोबर बूट आणायला बाहेर गेली होती. मी भाजी चिरत होते. तेवढ्यात गॅलरीच्या कठड्यावरून एक पाय आत आला, मग दुसरा. रंगवाला! हातात खरवडायची पत्ती, कानात गाणं. सरळ आमच्या चौकटीशी.

"ए! तिकडे नाही!"

"आजी, चौकट घासायची आहे. फक्त एक मिनिट."

"एक मिनिट काय, एक क्षण नाही. तिथे बाळंतीण आहे."

त्याने वर पाहिलं. "ही माती? आजी, ही तर सगळ्या घरांतून काढतो आम्ही."

"सगळ्या घरांत मी नाहीये."

"मुकादम ओरडेल मला."

"तुझ्या मुकादमाला पाठव, त्याला पण बघते."

तो हसला आणि पत्ती घेऊन एक पाऊल पुढे आला. नुसतं पाऊलच टाकलं होतं हो त्याने, आता वाटतं. पण माझं डोकं फिरलं. "हात लावशील तर याद राख," म्हणाले आणि खिडकीची झडप धरून त्याच्या तोंडावर अशी आपटली की भांडी वाजली.

आणि टपकन काहीतरी खाली पडलं.

गॅलरीत जाऊन बघते तर कुंभारणीच्या घराचा कोपरा. मातीचं एक ढलपं. वर शेवटच्या खोलीची भिंत गेलेली, आत तपकिरी, पातळ कागदाच्या पिशवीसारखं काहीतरी झोपलेलं. रंगवाल्याने पत्ती खिशात घातली आणि म्हणाला, "मी हातपण लावला नाही, आजी."

चोराच्या उलट्या बोंबा म्हणायची फार इच्छा झाली, पण चोर कोण ते दोघांनाही माहीत होतं.

मी म्हटलं, गप्प बस आणि तो स्टूल धर. कुंडीतली माती घेतली, पाण्यात मळली, कणकेसारखी लुसलुशीत केली आणि पिशवीला धक्का न लावता भिंत घातली. इतकी वर्षं पोळ्यांचं पीठ मळलंय, हात बसला. पण वाळल्यावर भेगा पडतील असं वाटलं. रंगवाला म्हणाला, "पुट्टी लावा वरून. भेग पडली तर नाव बदलेन." त्याच्या डब्यात होतीच. एकाच खोलीला कोट घातला तर बाकीच्या उघड्यानागड्या दिसायला लागल्या, म्हणून सगळ्याच घराला हात फिरवला. दोन कोट. पांढरं दिसू नये म्हणून वरून मातीचं पाणी. वाळल्यावर नखाने टकटक केलं. दगड! कुंभारणीने आयुष्यात असं घर पाहिलं नसेल. आता पाऊस येवो, वारा येवो, सरडा येवो.

रंगवाला म्हणाला, "आजी, आमच्यात कामाला या." गेला तेव्हा चौकट न घासताच गेला. तसा वाईट नाही.

टिकलीला काही सांगितलं नाही. उगाच पोरीचं मन मोडायचं. घर होतं, घर आहे, आणि आता पक्कं आहे.

१७ तारीख, सोमवार

टिकली चित्र काढताना थांबली. "आजी, घर जाड झालंय का गं?"

मी म्हटलं, "दिवस भरत आले की होतं तसं."

आणि तिने लिहून घेतलं! कुंभारणीचं घर हळूहळू जाड होत जातं. अगदी पेन्सिलीला टोक काढून, सुवाच्य अक्षरात. मी म्हटलं, कशाला ते लिहितेस? तर म्हणे, "मी स्वतः पाहिलं ना. टीचर म्हणतात, जे पुस्तकात नाही आणि आपण पाहिलं, ते सगळ्यात भारी."

रंगवाला परांचीवरून ऐकत होता. दात काढत होता मेला. मी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने ब्रश उलटा बुडवला.

सून आज चहा प्यायली, पण उभ्याउभ्या. मी बस म्हटलं नाही. बसायचं तर बसावं माणसाने.

२१ तारीख, शुक्रवार

आज जे झालं ते लिहावं की नाही. पण पान भरायचंय.

टीचरने सांगितलं होतं, बोलायच्या दिवशी घरातलं एक माणूस ऐकायला आणा. सुनेची पाळी, मुलाला कुठल्या तरी दवाखान्यातली लिफ्ट अडकलेली. म्हणून मी. चांगलं लुगडं नेसले, कवळी घासून लावली. इतक्या वर्षांनी वर्गात बसले! बाक एवढासा की गुडघे छातीला लागले, पण मजा आली. भिंतीवर दोन रकाने, चित्रंच चित्रं. टीचर तरुण पोरगी, आवाज असा की ऐकत राहावं.

आधी लंबूचा फ्लायओव्हर. दिवे लागले. पोरगं एक वाक्य बोलायचं आणि गप्प व्हायचं, की मागून बाप बोलायचा. खांब कुठे, भार कसा, लोखंड किती. शेवटी मला राहवलं नाही. मी मोठ्याने म्हटलं, "तिसरीत कोण आहे, पोरगा की बाप?" मुलं हसली. टीचरने ओठ दाबले. बाप लाल झाला. मला इतकं गार वाटलं म्हणून सांगू!

मग टिकली. खुर्चीवर चढायची सवय, तर टीचरने खरंच खुर्ची दिली. चित्रं एकामागून एक दाखवली. काय बोलली पोर! चिखलाच्या गोळ्या, थुंकीने भिजवलेल्या. मी मान डोलावत होते, आसपासच्यांना सांगत होते, माझी नात, माझी.

आणि मग ती म्हणाली, "या भिंतीची गंमत अशी की ती बाहेरच्यासाठी घट्ट असते आणि आतल्यासाठी मऊ. पावसाने पडत नाही. पण पिल्लू मोठं झालं की त्याला दार कोणी उघडून देत नाही, आई तर गेलेली असते. ते स्वतःच आतून भिंत कुरतडतं, गोल भोक पाडतं आणि बाहेर येतं. भिंत जास्त पक्की असून चालत नाही."

माझी मान डोलायची थांबली.

आतून कुरतडतं. पुट्टी. दोन कोट.

आणि इकडे पोर आपल्या सगळ्यात भारी गोष्टीवर आली. "आणि हे पुस्तकात नाही, मी स्वतः पाहिलंय. घर मागाहून जाड होतं."

टीचर म्हणाली, "असं? हे मी कधी वाचलं नाही. नक्की पाहिलंस?"

"नक्की."

लंबूचा बाप मागून हसला. टपलेलाच होता. "आपोआप? भिंत काय जेवते का?" आणि सगळा वर्ग हसला. टिकली खुर्चीवर उभी, ओठ दातांखाली धरलेला. रडली नाही. "मी पाहिलंय," एवढंच पुन्हा म्हणाली, बारीक आवाजात.

मी उभी राहिले. गुडघा बाकात अडकला, बाक घेऊनच उभी राहिले म्हणा ना. "हसायचं काम नाही!" ओरडलेच मी. "ती खोटं बोलत नाही. जाड झालंच आहे. मी केलंय!"

सगळी मुंडकी माझ्याकडे वळली.

"खिडकी मी आपटली, कोपरा मी पाडला, आणि लिंपलाही मीच. सगळ्यावर पुट्टी मारलीये. आणि मला आधी कोणी का नाही सांगितलं की पिल्लं आतून फोडतात? अं? पहिल्याच दिवशी सांगायला नको होतं?" टीचरवर ओरडत होते मी, बिचारीवर. आवाज थांबेचना.

टिकली माझ्याकडे बघत होती. ओरडली असती तर बरं झालं असतं. हळू म्हणाली, "आजी, मग ती बाहेर कशी येणार?"

घरी येताना तिने हात दिला नाही. मी धरला तर काढून घेतला. जिन्यात म्हणाली, "तू माणूस आहेस. तुझा रकाना वेगळा."

एवढंच. आज शाळा भरली नाही.

२२ तारीख, शनिवार

मी सगळ्यांवर चिडलेय. त्या मेल्या रंगवाल्यावर आधी. सकाळी परांची सोडायला आला तशी मी गॅलरीतूनच सुरू केलं, "भेग पडली तर नाव बदलेन म्हणालास ना? काढ आता ती पुट्टी! पाण्याने विरघळव!"

"आजी, पाण्याने विरघळली असती तर भिंतीला लावली असती का?" तो म्हणाला, पण हसला नाही. खाली जाऊन पॉलिशपेपर घेऊन आला, वापरून वापरून गुळगुळीत झालेला. "नवा नको, ओरखडे काढेल. याने घासा, हलक्या हाताने. पांढरं गेलं आणि माती लागली की थांबा."

मी पेपर घ्यायला हात पुढे केला. टिकलीने माझ्या हाताकडे पाहिलं. मीही पाहिलं. तो थरथरत होता, आजकाल थरथरतोच, पोळीला चालतं.

"मी करते," ती म्हणाली.

"स्टूलवरून पडशील."

"मी करते, आजी."

सून दारात उभी होती, ड्युटीला निघालेली, पर्स खांद्यावर. मला वाटलं म्हणेल, आई करतील. ती म्हणाली, "करू दे तिला." आणि तिने स्टूल धरला नाही. मला पण धरू दिला नाही. माझ्या खांद्यावर हात ठेवून मला खुर्चीवर बसवलं, चहा दिला आणि स्वतः शेजारी बसली. ड्युटीला उशीर झाला तिला. आम्ही दोघी नुसत्या बघत बसलो. पोर घासतेय, फुंकर मारतेय, पुन्हा घासतेय. पांढरी भुकटी तिच्या नाकावर, पापण्यांवर. मी मधेच म्हटलं, "अगं, हळू, डावीकडे," तर सून म्हणाली, "आई, चहा गार होतोय."

हात मांडीवर ठेवून बसणं यासारखी शिक्षा नाही. भांडी घासायला सांगा, विहीर उपसायला सांगा.

दुपार झाली तेव्हा माती दिसायला लागली. कुंभारणीची करडी आणि कोपऱ्यात माझी, कुंडीतली, काळपट. टिकली खाली उतरली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुझी माती तशीच ठेवलीये. ती काढली असती तर आतलं उघडं पडलं असतं."

मी उठून कप विसळायला घेतला. बोलले असते तर रडले असते, आणि मला कोणासमोर रडायला आवडत नाही.

२६ तारीख, बुधवार

काही नाही. काही म्हणजे काही नाही. मी दिवसभर चौकटीखाली बसते. मेली गेली बहुतेक सगळी. टिकली म्हणते अजून वेळ आहे, पण तिचा आवाज टीचरसारखा नाही.

शाळा मात्र पुन्हा भरली, अर्धा तास. मला फळ्यावर बोलावलं आणि दोन्ही रकाने लिहायला लावले. वारूळ लिहिताना ऊकार चुकला. पाच वेळा लिहायला लावला. मी म्हटलं, एवढा राग काढतेस? म्हणाली, "हो."

सुनेसाठी मी चहा थर्मासमध्ये भरून ठेवते आता. वर चिठ्ठी नाही चिकटवत, तिला कळतं.

३० तारीख, रविवार

भोक!

सकाळी दूध तापवायला गेले आणि वर पाहिलं तर भोक, गोल, पेन्सिल जाईल एवढं, कडा अशा सारख्या की कंपासने काढाव्यात. आणि कुठे? कोपऱ्यात. माझ्या मातीत! कुंभारणीने एवढ्या भिंती घातल्या होत्या, त्यातली एक निवडायची ना. पण नाही. मी मळलेली, मी लिंपलेली, मी जपलेली, तीच फोडली! कृतघ्न मेली. मी ओरडले, "टिकले! फोडलं गं, फोडलं!" अख्खं घर धावत आलं. मुलगा दाढीचा फेस लावून, सून अर्धवट वेणी घातलेली.

टिकलीने स्टूलवर चढून बघितलं, खूप वेळ. बाकीच्या खोल्या अजून बंद आहेत. मग तिने चित्राचा कागद आणला आणि दोन रकान्यांच्या मधल्या रेघेवर घर काढलं, बरोबर रेघेवर, अर्धं इकडे अर्धं तिकडे. लंबूच्या बापाला दाखवणार म्हणाली. मी म्हटलं, मी पण येते दाखवायला. ती म्हणाली, "नको. तू ओरडतेस."

३१ तारीख, सोमवार

आज माझा राग कोणी विचारू नका.

मी वेणीफणी करून, चपला घालून दाराशी गेले तर टिकली नाही. दप्तर नाही. बूट नाहीत. सुनेला विचारलं तर ती फ्रीजमध्ये डबे लावत म्हणाली, "गेली ती, आई." गेली! मला न सांगता! जिन्याला वळण आहे, फाटकाशी स्कूटर येतात, आणि ही म्हणते गेली!

मी गॅलरीत धावले. खाली फाटकाशी ती उभी होती, एवढीशी, दप्तर तिच्याहून मोठं. एक स्कूटर आली, ती थांबली, स्कूटर गेली, मग ती चालली. वर पाहिलं तिने. मला ठाऊक होतं ती पाहणार. मी मूठ दाखवली. तिने हात हलवला आणि गाडीत चढली.

परत आत येताना पाहिलं, आणखी दोन भोकं पडलीयेत, आज सकाळचीच, कुंभारणीच्या मातीत. एक पिल्लू अजून चौकटीवर बसून पंख पुसत होतं. कमरेत बारीक आणि तोरा आईचाच. मी हाताने हाकललं नाही. नुसतं बघितलं.

टिकली संध्याकाळी आली की चांगलं खडसावणार आहे तिला. पहिल्यांदा हे विचारणार की जिना उतरताना कठडा धरला होता का. मग ओरडणार. सुनेने आत्ताच बघून विचारलं, "आई, हसताय का तुम्ही?" मी म्हटलं, मी चिडलेय.